जुनं नाणं ग्रेडिंगला पाठवताय? आधी हे वाचा

आजीच्या पेटीत राणीछाप रुपया निघाला की लगेच चिंच लावून घासू नका. नाणं चमकतं, पण किंमत उतरते.

ग्रेडिंग म्हणजे काय? नाणं अस्सल आहे का, किती झिजलंय हे तज्ज्ञ तपासतात, १ ते ७० पैकी अंक देतात आणि प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करतात. त्यामुळे जुहूतला ग्राहकही गावातलं नाणं विश्वासाने घेऊ शकतो.

पाठवण्याआधी:

• नाणं कडेने धरा. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, वजन लिहून ठेवा. राणीछाप रुपया साधारण ११.६६ ग्रॅम भरतो.

• आधी जाणकाराला दाखवा. साध्या नाण्याला किमतीपेक्षा फीच जास्त पडते.

• १०० वर्षांहून जुनं नाणं परदेशी पाठवू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने खासगी व्यक्तीला बंदी आहे. देशातच तपासून घ्या.

• शेतात पुरलेली नाणी सापडली तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

आणि कुणी रिझर्व्ह बँकेच्या नावाने कमिशन मागितलं, तर एक रुपयाही देऊ नका. असे पैसे आपण मागत नाही, असं बँकेने २०२१ मध्येच जाहीर केलंय.