काचेची पाण्याशी कसोटी

चेन्नईच्या दक्षिणेला सुमारे ७० किलोमीटरवर असलेल्या कल्पाक्कममध्ये अणुभट्ट्यांबरोबरच वापरलेल्या इंधनाची पुनर्प्रक्रियाही होते, आणि तीतून उरणारा अतिकिरणोत्सारी द्रव ट्रॉम्बे व तारापूरप्रमाणेच बोरोसिलिकेट काचेत, म्हणजे वाळू व बोरॉनच्या ऑक्साइडांपासून बनलेल्या काचेत, वितळवून कायमचा बंदिस्त करता येतो. येथील इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात लोह-फॉस्फेट काचेचाही या कामासाठी अभ्यास झाला आहे.

अशा काचेचा खरा शत्रू म्हणजे भूजल. म्हणून तिचा टिकाऊपणा पाण्यातच तपासला जातो. जगभर रूढ असलेल्या एका चाचणीत काच कुटून, चाळून ७५ ते १५० मायक्रॉन आकाराचे कण वेगळे काढतात, त्यांवरची बारीक भुकटी धुऊन टाकतात आणि शुद्ध पाण्यासह बंद भांड्यात ९० अंश सेल्सिअसला सात दिवस ठेवतात. नंतर त्या पाण्यात किती बोरॉन व सोडियम उतरले ते मोजतात. बोरॉन काचेवर तयार होणाऱ्या जेलसारख्या थरात सहसा अडकत नाही, त्यामुळे काच किती झिजली याचा तो सर्वांत विश्वासार्ह साक्षीदार ठरतो.

मात्र सात दिवसांवरून हजारो वर्षांचे भाकीत थेट करता येत नाही. ही चाचणी प्रामुख्याने दोन काचांची तुलना करण्यासाठी आहे, हे वाचकांनी आवर्जून ध्यानात ठेवावे. दीर्घ काळाचा अंदाज बांधण्यासाठी संशोधक जुन्या काचांकडेही वळतात, आणि फ्रेंच शास्त्रज्ञांनी भूमध्य समुद्राच्या तळाशी सुमारे १८०० वर्षे पडून राहिलेल्या रोमन काचेचा याच हेतूने अभ्यास केला आहे.