काच सुटली? आधी जुना गम कुठे राहिलाय ते बघा

कापडी हूडच्या गाडीची मागची काच सुटली की सगळे एकच विचारतात, "कुठला गम लावू?" माझ्या मते हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा: जुना गम आत्ता कुठे आहे? काचेवर, कापडावर, की थोडा इकडे थोडा तिकडे? याचं उत्तर मिळेपर्यंत दुकानात जाऊ नका. आणि ज्यांना पीएचडीचा आराखडा लिहायचाय, त्यांनी "अधिक मजबूत चिकटद्रव्य विकसित करणे" हे वाक्यही तोवर लिहू नका. ते वाक्य वाचणाऱ्याला लगेच कळतं, की तुम्ही तुटलेला जोड हातात घेऊन पाहिलेला नाही.

कन्व्हर्टिबल म्हटलं की आपल्याला सिनेमातली गाडी आठवते. पण कापडी हूड महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईत १९४० च्या दशकाच्या शेवटी विलीज जीप जोडायला सुरुवात झाली, आणि पुढे कित्येक वर्षं वडापच्या जीपा ताडपत्रीच्या नाहीतर रेक्झिनच्या हूडखालीच धावल्या. २०२० साली आलेली नवी थारसुद्धा सॉफ्ट टॉपमध्ये मिळायला लागली. जुन्या जीपच्या हूडला मागे पारदर्शक प्लास्टिकची खिडकी असायची, ती मशीनवर शिवलेली. हे प्लास्टिक उन्हाने पिवळं पडायचं, कडक व्हायचं, शेवटी टाक्यांच्या भोकांच्या ओळीतून टराटरा फाटायचं. पण ती 'सुटली' असं सहसा कुणी म्हणत नसे.

काच आली आणि चित्र बदललं. काचेला टाका घालता येत नाही, ती चिकटवावीच लागते. माझदा मियाता या प्रसिद्ध छोट्या गाडीत हा बदल स्पष्ट दिसतो: १९८९ च्या पहिल्या पिढीत मागची खिडकी प्लास्टिकची, तर १९९८ च्या आसपास आलेल्या दुसऱ्या पिढीत काचेची. काचेला ओरखडे पडत नाहीत, ती पिवळीही होत नाही. पण आता सगळा भार गमाच्या एका पट्टीवर आला.

ही पट्टी कासुर्डीत नेऊन बघू. पुणे–सोलापूर महामार्गावर उरुळी कांचन सोडलं की यवतच्या अलीकडे कासुर्डी लागतं. एप्रिलमध्ये तिथे पारा चाळिशीला टेकतो, म्हणजे उन्हात उभ्या गाडीचं काळं कापड साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापू शकतं. थंडीत पहाटे तेच कापड बारा-पंधरा अंशांवर. हा झाला सुमारे ५० अंशांचा फरक. ८० सेंमी रुंदीची काच एवढ्या फरकाने जेमतेम ०.३६ मिमी वाढते. हूडवरचा नरम पीव्हीसीचा थर मात्र काचेच्या किमान सात-आठ पट वाढू पाहतो, म्हणजे जवळपास अडीच-तीन मिमी. आतल्या विणीमुळे प्रत्यक्षात ही वाढ कमी होते, तरी सोयीसाठी दोन्ही टोकांना सव्वा-सव्वा मिमीचा फरक धरू. गमाचा थर ३ मिमी जाड आणि रबरासारखा असेल, तर तो त्याच्या जाडीच्या चाळीस टक्के तिरका होतो. रबराला एवढं झेपतं. थर ०.२ मिमीचा असेल तर त्याच सव्वा मिमीसाठी त्याला जाडीच्या सहापट सरकावं लागेल. फेविक्विकसारखा पातळ आणि कडक थर इथे का टिकत नाही, ते एवढ्या गणितात कळतं. गम कमी मजबूत म्हणून नव्हे, तर त्याला वाकता येत नाही म्हणून.

दुसरं कारण हूड दुमडण्यात आहे. जोड सरकवून तोडणं आणि सोलून काढणं यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. सरकवताना सगळी पट्टी मिळून भार घेते, सोलताना फक्त कडेची एक रेघ. न ताणणाऱ्या पट्टीसाठी साधं सूत्र असं: सोलायला लागणारा जोर म्हणजे जोडाची चिवटता गुणिले पट्टीची रुंदी, भागिले (एक वजा कोनाचा कोसाइन). ९० अंशाला भाजक १ येतो. ३० अंशाला तो ०.१३४, म्हणजे जोर जवळजवळ साडेसात पट लागतो. १८० अंशाला भाजक २, म्हणून जोर निम्माच पुरतो. हूड खाली दुमडताना काचेच्या वरच्या कडेला कापड नेमकं मागे उलटतं. तिथूनच काच सुटायला लागली असेल, तर दोष गमात नसून दुमडण्याच्या रेषेत असू शकतो. असा जोड कितीही भारी गम आणला तरी पुन्हा त्याच कडेतून उघडेल.

आता तुटलेल्या बाजू वाचू. काच स्वच्छ, गम सगळा कापडावर: गमाने काचेला धरलंच नव्हतं किंवा नंतर सोडलं. इंग्रजी पुस्तकांत याला ॲडहेसिव्ह फेल्युअर म्हणतात. कारणं बहुधा साधी असतात: प्रायमर लावला नाही, धूळ किंवा गुऱ्हाळाची काजळी राहिली, किंवा सिलिकॉन असलेलं चकाकीचं पॉलिश लागलं. शिवाय काचेतून येणाऱ्या उन्हाने गमाचा अगदी वरचा थर जळतो. मोटारीच्या काचांच्या कडेला काळा पट्टा असतो ना, तो शोभेसाठी नाही, गमाला ऊन लागू नये म्हणूनही आहे. गम दोन्हीकडे राहिला असेल तर तो आतूनच फाटला, हे कोहेसिव्ह फेल्युअर. याचा अर्थ चिकटवणाऱ्याने काम नीट केलं होतं, गमच कमी पडला. आणि तिसरा प्रकार: काचेवरच्या गमाला हूडचा पीव्हीसी थर चिकटून आला, खाली उघडी वीण दिसतेय. इथे गम निर्दोष आहे, कापड म्हातारं झालंय. नवा गम आणणं म्हणजे पैसे पाण्यात.

एक चौथी गोष्ट बोटाला कळते. कापडाच्या बाजूचा गम चिकचिकीत, लोण्यासारखा झालाय का? नरम पीव्हीसी नरम राहतं ते त्यात मिसळलेल्या तेलकट द्रव्यामुळे. हे प्लास्टिसायझर हळूहळू बाहेर सरकतं आणि शेजारच्या गमात शिरतं. चपलांना आणि रेक्झिनला लावतात ते रबरी सोल्युशन यानेच सैल पडतं. आज लावलं तर छान बसतं, उन्हाळ्यात सुटतं. ताज्या जोडाची ताकद मोजून 'चाचणी यशस्वी' लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

दुरुस्ती करायचीच असेल तर मोटारीच्या काचा बसवायला वापरतात तो पॉलियुरेथेन सीलंट आणि त्याचाच प्रायमर घ्या. जुना गम ब्लेडने खरवडा, काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पीव्हीसीला थिनर लावू नका, ते फुगतं. धुतलेल्या काचेवर पाण्याचा सलग पापुद्रा राहिला तर ती स्वच्छ. थेंब गोळा झाले तर पुन्हा पुसा. मध्ये ३ मिमी जाडीचे रबराचे तुकडे ठेवा, म्हणजे दाबल्यावर सगळा गम बाहेर येणार नाही. दाबायला वाळूच्या पुरचुंड्या चालतात. हातमोजे घाला, हवा खेळती ठेवा. त्यातली आयसोसायनेट्स श्वासाला वाईट.

आणि थांबा. हा गम वाळत नाही, हवेतल्या ओलाव्याशी रासायनिक क्रिया होऊन तो पिकतो, बाहेरून आत. पहिल्या दिवसात साधारण ३ मिमी, मग वेग मंदावत जातो. काचेतून ओलावा जात नाही, पीव्हीसीतून फार थोडा जातो, म्हणून रुंद पट्टीचा मधला भाग उशिरापर्यंत कच्चा राहतो. एप्रिलच्या कोरड्या हवेत तर आणखी. हूड अर्धवट सैल ठेवून चिकटवा आणि निदान आठवडाभर दुमडू नका.

या सगळ्यातून प्रयोग हवा असेल तर तो घरी होतो. हूडच्या कापडाच्या २५ मिमी रुंद पट्ट्या काचेच्या तुकड्यांवर चिकटवा. काच आडवी, चिकटवलेली बाजू खाली, पट्टीचं मोकळं टोक सरळ खाली लोंबतं, म्हणजे सोलण्याचा कोन ९० अंशांच्या आसपास. त्याला एक लिटर पाण्याची बाटली बांधा. साधारण ९.८ न्यूटन भागिले २५ मिमी, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ३९० ज्यूल. बाटली तासभर हलली नाही तर त्या तापमानाला जोड याहून चिवट आहे. हलली तर दर दहा मिनिटांनी किती मिमी सोललं ते लिहा. पहाटे एकदा, दुपारी पत्र्याच्या शेडखाली एकदा, प्रत्येक वेळी निदान तीन नव्या पट्ट्यांवर. बदल एकाच गोष्टीत करा: तापमान, नाहीतर प्रायमर, नाहीतर कापडाचं वय. वहीत मिमीच्या शेजारी आणखी एक रकाना ठेवा, 'गम कुठे राहिला' या नावाचा, आणि प्रत्येक पट्टीच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा.