दशावतार : लेण्यांतून ध्वनिमुद्रिकेंत

दहा फुलें परडींत ठेविलीं तर तीं दहा फुलेंच राहतात. एका दोऱ्यांत ओंवलीं म्हणजे त्यांची माळ होते. गीतांचेंही असेंच आहे. पुष्कळशा ध्वनिमुद्रिकांत एक गीत प्रेमाचें, दुसरें पावसाचें, तिसरें उत्सवाचें असें निरनिराळें असतें, आणि त्यांचा क्रम बदलला तरी कांहीं बिघडत नाहीं. परंतु कांहीं मुद्रिका आरंभापासून अखेरपर्यंत एकच कथा किंवा एकच कल्पना धरून रचलेल्या असतात. इंग्रजींत त्यांस ‘कन्सेप्ट अल्बम’ म्हणतात. आपण त्यांस एकसूत्री मुद्रिका म्हणूं. अशा मुद्रिकेचें एक उदाहरण आपल्याच मुंबईचें आहे आणि त्याचें सूत्र आपल्या वेरूळच्या खडकांतही कोरलेलें आहे, म्हणून त्याचा परिचय येथें करून देण्याचें योजिलें आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहूं. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटांचेंच गायन मावत असे. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गायन मुद्रित झालें. तेव्हांपासून तासभर आळवावयाचा राग तीन मिनिटांत बसविण्याची कसरत आपल्या गवयांस करावी लागली. १९४८ सालीं अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें मिनिटास सवातेहेतीस फेऱ्यांजवळ फिरणारी दीर्घ तबकडी काढली व तिच्या एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक संगीत मावूं लागलें. पुढें चार-पांच गीतांची मधली, लहान तबकडीही निघाली. जागा मिळतांच सलग कथा सांगण्याची हौस कलावंतांस झाली. इंग्लंडमधील ‘द हू’ या रॉक वाद्यवृंदानें १९६९ सालीं ‘टॉमी’ या मुद्रिकेंत ऐकूं, बोलूं व पाहूं न शकणाऱ्या एका मुलाची कथा गीतांतून सांगितली, ती याच हौसेचें फळ होय.

मात्र ही कल्पना पाश्चात्यांनींच प्रथम शोधून काढली असें समजण्याचें कारण नाहीं. आपला कीर्तनकार पूर्वरंगांत एक तत्त्व मांडतो आणि उत्तररंगांत त्याच तत्त्वाचें आख्यान लावतो. मधलीं पदें, अभंग, दृष्टांत हे सर्व त्या एका सूत्रासच धरून असतात. १९५५ सालच्या रामनवमीपासून पुणें आकाशवाणीनें दर आठवड्यास एक याप्रमाणें ‘गीतरामायणा’चीं ५६ गीतें ऐकविलीं. ग. दि. माडगूळकरांची वाणी आणि सुधीर फडके यांचे स्वर यांनीं गुंफलेली ती माला म्हणजे एकसूत्री रचनेचा आपल्या भाषेंतील थोर नमुनाच होय.

आतां मूळ विषयाकडे वळूं. मुंबईंत २००० सालीं ‘डेमोनिक रेझरेक्शन’ नांवाचा एक वाद्यवृंद निघाला. नांव भयप्रद आहे, आणि संगीतही ‘मेटल’ या अत्यंत कर्कश समजल्या जाणाऱ्या प्रकारांतील आहे. त्याचे प्रमुख गायक व गिटारवादक साहिल मखीजा. २००५, २००७ व २०१० या सालीं त्यांनीं काढलेल्या तीन मुद्रिकांच्या नांवांत ‘अंधार’ या अर्थाचा इंग्रजी शब्द आहे, आणि त्यांतील मधली तर लघुमुद्रिकाच आहे. म्हणजे एका कल्पनेचा पाठपुरावा करण्याची संवय या मंडळीस आधींपासूनच होती. नंतर २०१७ सालीं, सतरा वर्षांच्या अनुभवानंतर, त्यांनीं ‘दशावतार’ ही मुद्रिका प्रसिद्ध केली. तींत गीतें बरोबर दहा, आणि प्रत्येकाचें नांव एकेका अवताराचें: मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध व कल्की. गीतांचे शब्द इंग्रजी, वाद्यें मुख्यतः विलायती, परंतु दोरा मात्र अस्सल देशी.

हा दोरा इतका सोयीचा कां, हें पाहण्याजोगें आहे. एकसूत्री मुद्रिकेची मुख्य अडचण ही कीं, श्रोत्यास कथा ठाऊक नसते. ती समजावण्यांतच बरींचशीं गीतें खर्ची पडतात. दशावतारांचा क्रम येथील बहुतेक घरांत मुलांस आजीच्या तोंडून कळलेला असतो. शिवाय प्रत्येक अवताराची वृत्ति निराळी: वराहाचें बळ, वामनाचें चातुर्य, परशुरामाचा कोप, बुद्धाची शांति. त्यामुळें दहा गीतांस दहा रंग आपोआप लाभतात. आणि दहावा अवतार अद्याप व्हावयाचा आहे, म्हणून माळेचें शेवटचें फूल भविष्याकडे तोंड करून उमलतें. इतका सुबक शेवट कवीस शोधूनही सांपडणें कठीण.

म्हणूनच हें सूत्र अनेक कलांनीं वापरलें. छत्रपती संभाजीनगरपासून सुमारें ३० किलोमीटरवर वेरूळ येथें ३४ लेणीं आहेत. त्यांपैकीं १५ व्या लेण्यास ‘दशावतार’ म्हणतात. हें दुमजली लेणें असून त्याच्या प्रांगणांतील मंडपावर राष्ट्रकूट राजा दंतिदुर्ग याच्या काळचा, म्हणजे आठव्या शतकाचा शिलालेख आहे. वरच्या मजल्यावर एका भिंतीस वराह, वामन, नरसिंह, गोवर्धनधारी कृष्ण इत्यादि विष्णुरूपें आणि समोरच्या भिंतीस शिवाचीं रूपें कोरलेलीं आहेत. नांव दशावतार, परंतु दहाही अवतार तेथें नाहींत, हें लक्ष्यांत ठेवण्यासारखें आहे. हिरण्यकशिपूस धरणाऱ्या नरसिंहाची मूर्ति एकदां पाहिली कीं दगडांतही गर्जना असूं शकते हें पटतें.

सावंतवाडीस याच अवतारांचे गंजिफे रंगवितात: दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येक गटांत राजा, प्रधान व एक ते दहा अशीं बारा पानें, मिळून १२० पानें. कोंकणांतील जत्रांतून दशावतारी नाटक रात्रभर रंगतें. आरंभीं गणपति, शारदा येतात, संकासुर येऊन प्रेक्षकांस हंसवितो आणि मग आख्यान लागतें. त्यांतील बरेंचसें संभाषण नट आयत्या वेळीं रचतात.

या सर्वांत एकच यादी कायम राहिली आहे काय? तसेंही नाहीं. बाराव्या शतकांतील जयदेव कवीनें आपल्या दशावतारांत बलरामास स्थान दिलें आणि कृष्णास सर्वांचें मूळ मानिलें. महाराष्ट्रांतील पुष्कळ जुन्या चित्रांत नवव्या ठिकाणीं बुद्धाऐवजीं विठ्ठल दिसतो. म्हणजे दोरा तोच ठेवून फूल बदलण्याचें स्वातंत्र्य पूर्वीच्या कलावंतांनीं घेतलेलें आहे.

येथें कित्येक पालक विचारतील, “तें सारें खरें, पण देवादिकांच्या कथेस हा गोंगाट कशाला?” प्रश्न योग्य आहे, म्हणून हा गोंगाट कसा उत्पन्न होतो तें आधीं पाहूं. विजेच्या गिटारींत पोलादी तारांखालीं लोहचुंबक व त्याभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें असतें. तार कंप पावली कीं वेटोळ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो व वर्धक यंत्र त्यास मोठा करतें. यंत्राच्या शक्तीबाहेर प्रवाह वाढविला तर ध्वनिलहरींचीं टोकें छाटलीं जातात. मूळ स्वरांत नवे वरचे स्वर मिसळतात आणि आवाज जाड, खरखरीत होतो. मेटल संगीतांत हा दोष मुद्दाम गुण म्हणून वापरतात. त्याच्या जोडीस द्रुत ढोल आणि गायकाची घोगरी गर्जना असते. प्रलय, समुद्रमंथन, खांब फोडून प्रकटणारा नरसिंह या प्रसंगांस असला आवाज अगदींच विजोड आहे असें म्हणवत नाहीं. मात्र रामाचा संयम किंवा बुद्धाची करुणा त्याच आवाजांत कशी दाखवावयाची, ही त्या कलावंतांची खरी कसोटी. तींत ते कितपत उतरले हें प्रत्येकानें ऐकूनच ठरवावें. जत्रेंतील हंशांत आणि खेळाच्या पानांत जे अवतार अवघडले नाहींत, ते गिटारीच्या आवाजानें खचित बाटणार नाहींत. नवें म्हणून सर्व त्याज्य नव्हे. तसेंच नवें म्हणून सर्व स्तुत्यही नव्हे.

विद्यार्थ्यांसही एक गोष्ट सांगावीशी वाटते. पूर्वी तबकडी लहान, म्हणून गाणें तोडावें लागे. आज यंत्रास वेळेची मर्यादा राहिली नाहीं, तरी ऐकणाराच अर्ध्या मिनिटांत बोट दाबून पुढच्या गीताकडे धांवतो. माळ तोडून एकेक फूल हुंगणाऱ्यास दोरा कोठून दिसणार? एकसूत्री मुद्रिका एकदां तरी पहिल्या गीतापासून शेवटच्यापर्यंत, क्रमानें आणि कानांस इजा होणार नाहीं इतक्याच आवाजांत ऐकावी. गीतांचे शब्द समोर ठेवावे. कोणता स्वरसमूह पुन्हां पुन्हां येतो, आवाज कोठें शांत होतो, एका गीताचा शेवट दुसऱ्याच्या आरंभास कसा भिडतो, हें टिपावें. सुटींत वेरूळास जाल तेव्हां कैलास पाहून घाईनें परतूं नका. १५ व्या लेण्याच्या पायऱ्याही चढा, आणि शक्य तर वडील मंडळींस बरोबर न्या. मुलांनीं पालकांस मुद्रिकेंतील एक गीत ऐकवावें व पालकांनीं मुलांस त्या अवताराची कथा सांगावी. अशी देवघेव ज्या घरांत होते, तेथें जुन्यानव्याचें भांडण फार दिवस टिकत नाहीं.