वीस म्हणजे किती? मालाचा मेसेज लिहिताना

आज बोलायचंय मेसेजबद्दल. सकाळी गुलाबाची फुलं येतात ते नाही, धंद्याचा मेसेज.

आपल्याकडच्या एका गटाला जेठ महिन्यात शहरातल्या दुकानातून फोन आला. "ताई, उडदाचे वीस पाठवा." बायांनी २० किलो पापड लाटले. दुकानदाराला हवी होती पाव किलोची २० पाकिटं, म्हणजे ५ किलो. १५ किलो माल घरात पडून, आणि पावसाळा तोंडावर. खोटं कुणीच बोलत नव्हतं. पण लिहिलेलं काही नव्हतं, मग बोट कशावर ठेवणार?

म्हणून ऑर्डर फोनवर येऊ द्या, पण फोन ठेवला की लगेच लिहून पाठवा. लिहिण्याआधी एकच विचार करायचा: हे वाचून समोरच्यानं काय करायला हवं? पैसे पाठवायचे, की तारीख कळवायची? जे हवं ते वरच्या ओळीत. आपण उलटं करतो. "आमचा गट होतकरू महिलांचा आहे, आम्ही उत्तम दर्जाचा माल बनवतो" असं लांबवतो आणि दर सांगायचाच राहतो. पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात व्यापारी काय विचारतो? माल कोणता, किती, काय भाव. मेसेजनं तेच सांगायचं. असं बघा:

"भाऊ, फोनवर ठरल्याप्रमाणे: उडीद पापड, पाव किलोची २० पाकिटं, एकूण ५ किलो. दर ३२० रुपये किलो, एकूण १,६०० रुपये. निम्मे ८०० आधी पाठवावेत. माल शुक्रवारी पोहोचेल. बरोबर असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत 'हो' कळवा. मगच लाटायला घेऊ."

शेवटचं वाक्य लिहायला बाया लाजतात. लाजू नका. पीठ, तेल, मजुरी आपली जाते.

व्हॉइस मेसेज सोपा वाटतो, पण महिनाभरानं त्यातला दर शोधून दाखवा बरं! लिहिता येत नसेल तर दहावीतल्या लेकीला सांगा. आकडे मात्र तिच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या.

बँकेचा अर्जही असाच. "आमच्या गटाला ३ लाख रुपये कर्ज हवे आहे, शेवया मशीन आणि कच्च्या मालासाठी," हे पहिलं वाक्य. गटाची माहिती त्याच्या खाली, ठरावाची प्रत सोबत. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर सही-शिक्का-तारीख घ्या. बचत गटाचं कर्ज अग्रक्रम क्षेत्रात येतं, आणि अशा अर्जाची पोच बँकेनं द्यावी, निर्णयही लेखी कळवावा, असं रिझर्व्ह बँकेचंच सांगणं आहे. तोंडी "नंतर या" म्हणाले, तर पोच दाखवून लेखी मागता येतं.

उधारी मागताना मात्र जपून. दहा जणांच्या ग्रुपवर टोमणा मारला की पैसेही अडकतात आणि गिऱ्हाईकही तुटतं. त्याला एकट्यालाच लिहा: "भाऊ, ५ तारखेच्या मालाचे ८०० रुपये बाकी आहेत. सोमवारी गटाची बैठक आहे, तोवर पाठवावेत." बिलाचा फोटो सोबत जोडा. सोमवार उलटला, तर मंगळवारी सकाळी फोन करा.