गरिबीलाही पत्ता असतो

नीती आयोगाने २०२१ साली देशातल्या बहुआयामी गरिबीचा पहिला अहवाल प्रसिद्ध केला. २०१५-१६च्या पाहणीवर आधारलेल्या त्या अहवालात महाराष्ट्रातले १४.८५ टक्के लोक गरीब ठरले आणि नंदुरबार जिल्ह्यातले तब्बल ५२.१२ टक्के. राज्य एक, विधिमंडळ एक, तिजोरी एक. आणि तरीही एवढी तफावत! नंदुरबारची माणसं कमी कष्ट करतात म्हणून ही दरी पडलेली नाही. माणूस कुठे जन्मला यावर त्याचं किती ठरून जातं, हे या दोन आकड्यांत दिसतं.

ही मोजणी खिशातले पैसे मोजत नाही. ती घराला बारा गोष्टी विचारते. पोषण नीट आहे का, घरात मूल दगावलं आहे का, बाळंतपणात काळजी घेतली गेली का, घरात कुणी सहा वर्षं तरी शिकलं आहे का, मुलं शाळेत जातात का. मग चुलीचं इंधन, शौचालय, पाणी, वीज, घर, चीजवस्तू आणि बँकेतलं खातं. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांना सारखं वजन देऊन, एकूण वंचनांचा भार एक-तृतीयांश किंवा त्याहून जास्त भरला, की ते घर गरीब. ही यादी पुन्हा एकदा वाचून पाहा. नळ, शाळा, दवाखाना, विजेचा खांब यांतली कुठलीच गोष्ट एकट्या कुटुंबाला उभी करता येत नाही. त्या गावात असाव्या लागतात.

प्रदेशाप्रदेशांतला हा फरक मोजण्याची धडपड महाराष्ट्रात फार जुनी आहे, आणि तिच्या केंद्रस्थानी नागपूर आहे. २८ सप्टेंबर १९५३च्या नागपूर करारात विदर्भाला निधीचा न्याय्य वाटा देण्याचं वचन होतं. घटनेच्या ३७१(२) कलमाने त्याला आधार दिला. पण न्याय्य म्हणजे नेमकं किती? १९८३ साली अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या समितीपुढे हा प्रश्न आला आणि तिची रीत आजही थक्क करते. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणी, एकेक क्षेत्र घ्यायचं. राज्याची सरासरी काढायची. जिल्हा तिच्या किती खाली आहे ते पाहायचं आणि ती तूट भरायला लागणारा खर्च मांडायचा. हाच अनुशेष. १९८४च्या अहवालात तो सुमारे ३,१८६ कोटी रुपये निघाला. त्यातला सुमारे ३९ टक्के विदर्भाचा होता. पण विदर्भ आणि मराठवाडा वगळून उरलेल्या महाराष्ट्राचाही ३७ टक्के होता! मागासलेपणाच्या रेषा प्रदेशांच्या सीमा पाळत नाहीत, हे तेव्हाच आकड्यांनी दाखवून दिलं.

आता एकेका ठिकाणची नेमकी अडचण पाहू. नागपूरहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगल. तिथे दवाखाना दूर, म्हणून नवजात बाळं दगावत. नागपुरात वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दवाखानाच घरी नेला. गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. बाळाचं वजन, ऊब, श्वास आणि गरज पडली तर इंजेक्शनही त्यांच्या हाती सोपवलं. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार त्या गावांत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. पुढे देशभरातल्या आशाताईंच्या घरभेटींत ही पद्धत आली.

त्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाची अडचण वेगळी होती. बांबू दाराशी, पण हक्क नाही. वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. जंगल तेच, माणसं तीच. बदलला तो कागद, आणि गावात स्वतःची कमाई येऊ लागली.

शाळा लांब म्हणून मुलीचं शिक्षण सुटतं, तिथे उपाय एसटीची बस. राज्याचा मानव विकास कार्यक्रम २००६ साली सुरू झाला आणि २०११ साली १२५ मागास तालुक्यांपर्यंत पोचला. त्याच्या निळ्या बसमधून मुली शाळेत फुकट जातात. इथे मोजमापाचं एकक तालुका आहे, जिल्हा नाही. एकक जितकं लहान, तितकी लपलेली गरिबी स्पष्ट दिसते.

खुद्द नागपूर शहर पाहा. उड्डाणपूल, मेट्रो, मिहान. आणि २०११च्या जनगणनेत शहराची सुमारे ३६ टक्के लोकसंख्या झोपडपट्ट्यांत. इथे दवाखाना दूर नाही, पण पायाखालची जमीन आपली नाही. काही वस्त्यांची जमीन तर जुन्या मध्य प्रांताच्या महसुली नोंदींत ‘झुडपी जंगल’ म्हणून लिहिलेली आहे! त्या दोन शब्दांमुळे जमिनीच्या हक्काचे पट्टे वर्षानुवर्षं अडकले. पट्टा नाही म्हणून पक्कं घर बांधायची भीती, आणि घर तारण ठेवून कर्जही नाही.

म्हणजे एका ठिकाणी हवा दवाखाना, दुसरीकडे वनहक्क, तिसरीकडे बस, चौथीकडे पट्टा. सगळीकडे एकच योजना सारख्या मापाने वाटली, तर ती कुठेच पुरती लागू पडत नाही. नीट बेतलेले उपाय मात्र फळतात. एकूण चित्रही सुधारलं आहे: २०१९-२१च्या पाहणीत राज्याची बहुआयामी गरिबी ७.८१ टक्क्यांवर आली, पाच वर्षांत जवळपास निम्मी. या घसरणीचा आनंद मानावाच. पण आपल्या जिल्ह्याची सरासरी कुणी अभिमानाने सांगितली, की त्यांना पुढचा प्रश्न जरूर विचारा: त्या सरासरीखाली कुठला तालुका आणि कुठली वस्ती झाकली गेली आहे? धोरणाची सुरुवात तिथून व्हायला हवी.