ईस्ट-वेस्ट एअरलाइन्स

मुंबई येथील एक भूतपूर्व खाजगी विमानवाहतूक कंपनी (१९९२–९६). ‘हवाई टॅक्सी’च्या परवान्यावर उदयास आलेल्या भारतीय कंपन्यांपैकी ही एक आद्य कंपनी होय.

हवाई निगम अधिनियमान्वये १९५३ मध्ये खाजगी कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन नियमित विमानवाहतुकीची मक्तेदारी इंडियन एअरलाइन्स व एअर इंडिया या शासकीय निगमांकडे गेली. खाजगी क्षेत्रास केवळ अनियमित, म्हणजे मुख्यतः मागणीनुसार विमान भाड्याने देण्याच्या स्वरूपाची वाहतूक मोकळी राहिली. १९९० मध्ये हवाई टॅक्सीचालकांना कोणत्याही विमानतळावरून उड्डाण करण्याची व भाडे स्वतः ठरविण्याची मुभा मिळाली. तथापि मूळ अधिनियम कायम असल्याने त्यांना वेळापत्रक प्रसिद्ध करता येत नसे. त्यामुळे प्रत्यक्षात रोजची असलेली सेवा कायद्याच्या दृष्टीने अनियमितच ठरे.

मूळचे केरळमधील व मुंबईत प्रवाससंस्था चालविणारे तकीयुद्दीन वाहिद यांनी या संधीचा लाभ घेतला. फेब्रुवारी १९९२ मध्ये बोइंग ७३७ जातीच्या विमानाने कंपनीची सेवा सुरू झाली. मार्च १९९४ मध्ये १९५३ चा अधिनियम रद्द झाल्यावर खाजगी कंपन्यांना नियमित सेवेचा मार्ग खुला झाला. त्याच वर्षी ईशान्य भारत, काश्मीर इत्यादी कमी उत्पन्नाच्या मार्गांवरही ठराविक प्रमाणात उड्डाणे करण्याचे बंधन त्यांच्यावर आले.

१३ नोव्हेंबर १९९५ रोजी वाहिद यांची वांद्रे येथे गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतर वर्षाच्या आतच, ऑगस्ट १९९६ मध्ये, कंपनीची उड्डाणे थांबली.

या ऱ्हासास केवळ एका व्यक्तीचा मृत्यू कारण मानता येत नाही. अशा कंपन्यांची विमाने बहुधा परदेशातून भाडेपट्ट्याने घेतलेली असत. विमान उडो वा न उडो, भाडे परकीय चलनात द्यावेच लागे. उत्पन्न मात्र रुपयांत मिळे. शिवाय रिकामी गेलेली आसने साठवून नंतर विकता येत नाहीत. परिणामी, पुरेसे भांडवल नसलेल्या कंपनीस अल्पकालीन खंडही सोसत नाही. मोदीलुफ्त (१९९६) व एनईपीसी (१९९७) या समकालीन कंपन्याही लवकरच बंद पडल्या. त्याच पिढीतील जेट एअरवेजने १९९३ पासून दीर्घकाळ टिकाव धरला. परंतु २०१९ मध्ये कर्जभारामुळे तिलाही सेवा थांबवावी लागली. परवाना मिळाल्याने उड्डाणाचा अधिकार प्राप्त होतो, आर्थिक स्थैर्य नव्हे, हे या कंपन्यांच्या इतिहासावरून स्पष्ट होते.