खिम्यातली भर

साताऱ्यात आमच्या घरी खिम्याची एक रीत आहे. खाटकाकडे जायचं, रानेचा किंवा खांद्याचा तुकडा निवडायचा आणि समोर उभं राहून बारीक करून घ्यायचा. सांगलीला धाकट्या बहिणीकडे गेलो, तेव्हा तिच्या फ्रीजरमध्ये चिकन कबाबची पाकिटं दिसली. मेहुण्यांची मूत्रपिंडं कमजोर झाली आहेत आणि फॉस्फरस कमी करा, असं त्यांना सांगितलेलं आहे. म्हणून मटण बंद आणि हे कबाब ‘हलके’ म्हणून चालू! बहीण म्हणाली, “दादा, चिकनच आहे की.” मी चष्मा लावून पाकिटाची मागची बाजू वाचू लागलो.

आपल्याकडे पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. इथे चिकन, मग पाणी, सोया प्रथिन, स्टार्च, मीठ आणि अगदी शेवटी ‘स्टॅबिलायझर ४५१, ४५२’ असं होतं. हे आकडे म्हणजे फॉस्फेट. फॉस्फेटमुळे मांसातल्या प्रथिनांचे धागे सैल होऊन फुगतात आणि पाणी धरून ठेवतात. स्टार्च शिजताना पाणी पितो, सोया पाणी आणि चरबी दोन्ही बांधतं. कबाब रसरशीत लागतो, पण त्यातल्या पाण्यालाही आपण मांसाचा भाव देतो. कायद्याची याला परवानगी आहे आणि धडधाकट माणसाला एखाद्या कबाबाने काही होत नाही. मेहुण्यांची गोष्ट वेगळी. मांसातला नैसर्गिक फॉस्फरस शरीर साधारण निम्मा शोषून घेतं, वरून घातलेल्या फॉस्फेटमधला मात्र बहुतेक सगळा. आणि तो किती आहे, हे पोषणमूल्यांच्या चौकटीत छापण्याचं बंधन नाही. म्हणजे मटण मोजून बंद केलं आणि मोजता न येणारी गोष्ट ताटात आली.

मग मला परीक्षेची हौस आली. टिंक्चर आयोडीन पाण्यात पातळ करून थंड कबाबावर थेंब टाकला. डाग निळा-काळा. स्टार्च सापडला म्हणून खूश झालो आणि त्याच उत्साहात घरच्या खिम्याच्या वडीवर टाकला. तोही निळा! बहीण हसायला लागली, कारण वडी बांधायला डाळं तिनेच कुटून घातलं होतं. आपल्या रश्श्याच्या वाटणातही सुकं खोबरं, तीळ, खसखस, कधी डाळं असतंच. भर आपणही घालतो, पण ती किती आणि कशाची, हे घालणाऱ्या हाताला ठाऊक असतं. शिवाय डाळीतला फॉस्फरस बराचसा फायटेटच्या रूपात असल्याने शरीर तो कमी घेतं. आयोडीनची मर्यादाही तेव्हाच कळली. सोया प्रथिनात स्टार्च नगण्य, त्यामुळे ते या परीक्षेत सापडत नाही. मात्र सोयाबीन हा ॲलर्जीकारक घटक असल्याने पाकिटावर त्याचा उल्लेख करावाच लागतो. तिथेच बघावं.

‘सेंद्रिय’ या शब्दावरही लोक फार विसंबतात. तो शेत कसं पिकवलं ते सांगतो. हंगामी पिकांना प्रमाणपत्रासाठी साधारण दोन वर्षांचा रूपांतरकाळ लागतो. पण पाकिटातल्या मांसात पाणी किती, हे तो सांगत नाही. मसाल्यात त्याचा उपयोग आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरी कुठल्याही हळदीत रंगासाठी शिशाचा क्रोमेट मिसळला जाऊ शकतो आणि शिसं शिजवल्याने जात नाही. म्हणून मी पावडर न घेता हळकुंड घेतो आणि गिरणीत दळून आणतो. चमक जास्त दिसली की परत ठेवतो.

सॉसेज-सलामीची गोष्ट याहून गंभीर. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक ठरवलं. रोज ५० ग्रॅम खाणाऱ्यांत आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. ही वाढ मूळच्या धोक्यावरची, हे बातम्यांत बहुधा गळतं.

बहिणीने रिकामं पाकीट जपून ठेवलं आणि आहारतज्ज्ञांकडे जाताना पिशवीत टाकलं. त्यांनी ते वाचलं, मेहुण्यांना आठवड्याला थोडं ताजं मांस, पाण्यात उकळून ते पाणी टाकून, खायला सांगितलं आणि डाळंही मोजून घालायला बजावलं. पुढच्या वेळी मसाल्याचं पाकीटही आणा, असंही म्हणाल्या.